गाळलेल्या जागा

आपल्याकडील सुशिक्षित घरांत परीक्षा हा सतरावा संस्कारच होऊन बसला आहे; आणि त्यातही इंग्रजीच्या परीक्षेचा मान निराळा. गणितात नापास झालेल्या मुलाविषयी ‘त्याचे लक्षच नव्हते’ असे म्हणून वडील मंडळी स्वतःचे समाधान करून घेतात. भूगोलातील अपयश तर कोणाच्या ध्यानातही राहत नाही. इंग्रजीतील अपयश मात्र पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून खबरदारी घेतली जाते. याचे मूळ फार मागे आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, १८५९ साली त्याची पहिली प्रवेश-परीक्षा झाली, आणि महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे विद्यार्थी त्या दाराने आत गेले. त्या दाराला कुलूप होते ते इंग्रजीचे. पुढे नोकरी, वकिली, डॉक्टरी या साऱ्यांच्या किल्ल्या त्याच एका जुडग्यात अडकवल्या गेल्या. ज्या भाषेला आपल्याकडे वाघिणीचे दूध म्हणण्याची प्रथा पडली, ते दूध मुलांच्या घशाखाली उतरावे म्हणून किती बापांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मांडीवर घेऊन आपल्या संध्याकाळी खर्ची घातल्या असतील, त्याची गणती कोण करील?

या परंपरेत एक गोष्ट ठरलेली असे. परीक्षा मुलांनी द्यायची आणि काळजी मोठ्यांनी करायची. आमच्या घरी गेल्या वर्षभरात हा क्रम उलटा झाला आहे. माझ्या वहिनींनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांपैकी मधल्या पायरीच्या परीक्षेला बसण्याचे ठरवले, आणि तेव्हापासून घरातील तरुण मंडळी काळजी करीत आहेत. “आजी, आता तुला कशाला?” हा नातवाचा प्रश्न, “झेपेल ना?” हा सुनेचा, आणि मुलाने काही न बोलता एक चांगला टेबलावरचा दिवा आणून दिला. मी माध्यमिक शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे शिकवणीचे काम ओघानेच माझ्याकडे आले. वहिनींनी पहिल्याच दिवशी बजावले, “भावजी, नात्याचा संकोच धरू नका. चुकले तर सरळ चुकले म्हणा.” तीस वर्षांत इतका सोपा विद्यार्थी मला लाभला नव्हता, आणि इतका अवघडही. अवघड का, ते पुढे येईलच.

या परीक्षेचे स्वरूप पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. परकी भाषा किती येते हे मोजण्यासाठी युरोपात सहा पायऱ्या ठरवण्यात आल्या आहेत. त्यांची चौकट २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील तिसऱ्या पायरीला ‘बी-१’ म्हणतात, आणि त्या पायरीच्या केंब्रिजच्या परीक्षेचे नाव ‘प्रिलिमिनरी’. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण अशा तिच्या चार बाजू आहेत. पैकी वाचनाच्या पत्रिकेला ४५ मिनिटे, तीत सहा भाग आणि ३२ प्रश्न. पहिल्या भागात पाच लहान मजकूर असतात: दारावरची सूचना, कोणी कोणाला धाडलेला निरोप, वस्तूवरची चिठ्ठी. मग क्रमाने मोठे उतारे येतात. व्याकरणाची निराळी पत्रिका नाही. क्रियापदाची व्याख्या सांगा, वाक्याचे पृथक्करण करा, असे कोणी विचारीत नाही. व्याकरणाची खरी झडती शेवटच्या दोन भागांत होते. पाचव्या भागातील उताऱ्यात सहा जागा गाळलेल्या असतात आणि प्रत्येकीसाठी चार शब्द सुचवलेले असतात. सहाव्या भागात पुन्हा सहा जागा गाळलेल्या असतात. पण तेथे सुचवलेले काहीच नसते. एका जागेला एकच शब्द, आणि तो आपल्या मनातून काढायचा.

‘मधली पायरी’ म्हटले की ती सोपी असेल असा समज होतो. केंब्रिजच्याच अंदाजाप्रमाणे, अगदी आरंभापासून शिकणाऱ्याला ही पायरी गाठण्यास शिक्षकाच्या देखरेखीखाली सुमारे ३५० ते ४०० तास लागतात. वहिनींचा आरंभ अर्थात शून्यापासून नव्हता. पाचवीपासून दहावीपर्यंत मराठी शाळेत जेवढे इंग्रजी मिळते, तेवढे त्यांना मिळाले होते. आणि पुढच्या चाळीस वर्षांच्या संसारात त्यातील कवितांची दोन कडवी आणि रजेच्या अर्जाचा मायना एवढे शिल्लक उरले होते. धीर सुटण्याचा प्रसंग आला म्हणजे मी त्यांना १९१३ सालची हकीकत सांगतो. त्या वर्षी केंब्रिजने परकीयांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली. ती वरच्या पायरीची होती आणि सगळ्या पत्रिका मिळून बारा तास चालली. परीक्षेला बसले तीन जण, आणि उत्तीर्ण झाला एकही नाही. “म्हणजे आरंभ आमच्यासारख्यांनीच केला म्हणायचा,” असे म्हणून वहिनी पुन्हा वही उघडतात.

आता व्याकरणाकडे वळतो. परकी भाषा शिकताना मोठमोठे शब्द आडवे येतील अशी भीती असते. प्रत्यक्षात मोठे शब्द फार सभ्यपणे वागतात. त्यांना कोशात गाठता येते, पाठ करता येते, आणि एकदा ओळख झाली की ते सहसा विसरत नाहीत. खरा छळ मांडतात ते एक-दोन अक्षरांचे शब्द. ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘अॅट’ या त्रिकुटाने वहिनींना पहिले दोन महिने झोप लागू दिली नाही. “वेळ सांगायला तीन-तीन शब्द कशाला लागतात या लोकांना? एकाने भागत नाही का?” असे त्या एकदा त्राग्याने म्हणाल्या. मी त्यांना तीन मराठी प्रयोग लिहून दिले: ‘सोमवारी’, ‘पाच वाजता’, ‘मे महिन्यात’. इंग्रजी जेथे ‘ऑन’ घालते तेथे आपण वाराला ‘ई’ लावतो. जेथे ‘अॅट’ घालते तेथे ‘वाजता’ म्हणतो. आणि जेथे ‘इन’ घालते तेथे महिन्याला ‘त’ जोडतो. ‘सोमवारात या’ किंवा ‘पाचात या’ असे आपल्याकडील दोन वर्षांचे मूलही म्हणत नाही. वहिनी त्या तीन शब्दांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “साठ वर्षे बोलते आहे, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते.”

ते ध्यानात न येण्यात नवल नाही. आपल्या भाषेचे व्याकरण आपल्याला दिसत नाही. घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी घरच्यांना ऐकू येत नाही, तसे ते आहे. परका पाहुणा आला की तो विचारतो, आणि मग आपण कान देतो. मराठी व्याकरणाचा इतिहासही काहीसा असाच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली आपले व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या मांडणीपुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. त्या नमुन्यात मराठी कोठे बसते आणि कोठे बसत नाही, हे पाहता पाहताच पुष्कळ गोष्टी नजरेस आल्या.

न बसणाऱ्या जागाही मौजेच्या आहेत. ‘पासून’ या आपल्या एका शब्दावर इंग्रजीत दोन शब्दांचा हक्क आहे. ‘सकाळपासून’ म्हटले तर आरंभाचा क्षण सांगितला, म्हणून ‘सिन्स’; ‘दोन तासांपासून’ म्हटले तर कालावधी सांगितला, म्हणून ‘फॉर’. आपण ‘मी कालच आले आहे’ असे निःशंकपणे म्हणतो; इंग्रजीत मात्र ‘काल’ हा शब्द आला की ‘आहे’ला जागा सोडावी लागते, कारण संपलेल्या दिवसाचे नाव घेतल्यावर ते क्रियापद वर्तमानाशी धागा ठेवू देत नाही. आणि ‘अ’ व ‘द’ यांचे तर विचारूच नका. ‘डॉक्टर आले होते’ आणि ‘एक डॉक्टर आले होते’ यांत मराठीतही भेद आहे: पहिले डॉक्टर आपल्या ओळखीचे, दुसरे कोणी अनोळखी. पण आपण तो भेद हवा तेव्हा करतो, नको तेव्हा संदर्भावर सोडतो. इंग्रजीत असा भेद वाक्यावाक्याला करावा लागतो. ‘कोणता डॉक्टर? मला आणि तुला दोघांनाही ठाऊक असलेला, की आताच प्रथम बोलण्यात येणारा?’ हा प्रश्न ती भाषा वाटेत उभी राहून विचारते.

एके दिवशी ‘मला’ने आरंभ होणारी वाक्ये आम्ही घेतली. मला भूक लागली, मला आठवले, मला आवडते, मला समजले. मराठीत भूक, आठवण, आवड, समज या गोष्टी आपल्याकडे चालून येतात, आणि आपण चतुर्थीत हात पसरून बसलेले असतो. इंग्रजीत आठवायचे, आवडायचे, समजायचे तर ‘मी’ला कर्ता होऊन उठावे लागते. वहिनी म्हणाल्या, “आपले बरे आहे. समजले नाही तर दोष त्या समजण्याचा. आपण काय करणार!” आणि त्या हसल्या. परंतु त्या हसण्यामागे जे होते, ते मला ठाऊक होते, आणि त्यावाचून या परीक्षेची हकीकत अपुरी राहील.

चार वर्षांपूर्वी माझे वडीलबंधू शहरातील एका मोठ्या रुग्णालयात होते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया ठरली. मी परगावी होतो, मुलगा रक्ताची सोय करण्यासाठी बाहेर धावत होता, आणि वहिनी एकट्या बाकावर बसल्या होत्या. तेथील एका कर्मचाऱ्याने नऊ पानांचा इंग्रजी छापील मजकूर त्यांच्यापुढे ठेवला आणि ‘येथे, येथे आणि येथे’ असे म्हणून सह्यांच्या जागा बोटाने दाखवल्या. काय लिहिले आहे, असे वहिनींनी विचारले. ‘नेहमीचेच आहे’ असे उत्तर मिळाले. त्यांनी सह्या केल्या. शस्त्रक्रिया झाली; पण पुढच्या आठवड्यात दादा गेले. डॉक्टरांनी शर्थ केली होती, हे वहिनी आजही सांगतात. त्यांचा कोणावर राग नाही. मात्र ती नऊ पाने त्यांच्या मनातून गेली नाहीत.

या पानांविषयी त्या मला एकदा जे म्हणाल्या, ते माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात मला सुचले नव्हते. त्या म्हणाल्या, “भावजी, मला अक्षरे वाचता येत होती. पेशंट, ऑपरेशन, ब्लड, सर्जन हे सगळे शब्द कळत होते. ते काय आपण रोजच बोलतो. कळत नव्हते ते मधले बारीक शब्द. त्या पानात जागा गाळल्यासारख्या वाटत होत्या.” विचार केला की हे किती खरे आहे ते पटते. आपल्या बोलण्यात इंग्रजी नामे शेकड्यांनी शिरली आहेत. त्यामुळे इंग्रजी आपल्याला येते असा भास होतो. पण वाक्याचा कौल नामे देत नाहीत. ‘अमुक झाल्यास’ की ‘अमुक झाल्यावाचून’, ‘होईल’ की ‘होऊ शकेल’, ‘कोणताही’ की ‘काही’, हे ठरवणारे शब्द दोन-तीन अक्षरांचे असतात. ‘अनलेस’ हा एक शब्द घ्या. त्याच्या पोटात एक संपूर्ण नकार दडलेला आहे. तो न ओळखता वाक्य वाचले तर अर्थ नेमका उलटा निघतो. ‘मे’ आणि ‘विल’ यांच्यामधले अंतर तर रोग्याच्या आप्तांइतके कोणाला जाणवणार? ‘असे घडू शकते’ आणि ‘असे घडेल’ या दोन वाक्यांच्या मध्ये त्यांची सारी आशा उभी असते.

येथे एक रास्त आक्षेप निघतो, आणि माझ्या एका स्नेह्यांनी तो काढलाही. महाराष्ट्रातील रुग्णालयात मराठी स्त्रीला इंग्रजी कागदावर सही का करावी लागावी? एकसष्टाव्या वर्षी तिने परकी भाषा शिकण्यापेक्षा रुग्णालयाने मराठी कागद छापणे सोपे नाही काय? आक्षेप अगदी योग्य आहे. संमती समजून-उमजून दिलेली असावी ही कायद्याची अपेक्षा आहे, आणि न समजणाऱ्या भाषेतील सहीला संमती म्हणणे कठीण आहे. महाराष्ट्राचा राजभाषेविषयीचा अधिनियम १९६४ चा; त्याचा रोख सरकारी कामकाजावर आहे, आणि खाजगी रुग्णालये, विमा कंपन्या, बँका यांच्या कागदांवर इंग्रजीचेच राज्य पुष्कळ ठिकाणी चालू आहे. ते बदलण्यासाठी जे झगडतात त्यांच्या पाठीशी आपण उभे राहिले पाहिजे. वहिनींचे उत्तर मात्र लहान होते. “कागद मराठी होतील तेव्हा होवोत. मला पुढची सही त्याआधी करावी लागली तर?” माझ्या स्नेह्यांनी यावर वाद वाढवला नाही.

यामुळेच वहिनी हा अवघड विद्यार्थी आहे असे मी वर म्हटले. शाळेतील मुलांना उत्तर बरोबर आले की पुरे असते. चार पर्यायांतून योग्य तो निवडला, गुण मिळाला, पान उलटले. वहिनींना बरोबर उत्तर पुरत नाही. उरलेले तीन शब्द का चालणार नाहीत, हे त्यांना हवे असते. या हट्टापायी आमचा अभ्यास सावकाश चालतो, पण त्यातून एक पद्धत आपोआप ठरून गेली आहे, ती इतर कोणास उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

गाळलेल्या जागांचा उतारा समोर आला की प्रथम पेन्सिल खाली ठेवायची. जागा रिकाम्या आहेत हे विसरून सगळा उतारा एकदा मोठ्याने वाचायचा. मग प्रत्येक जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा शब्द पाहायचा, आणि एवढ्यावर न थांबता पुढचे वाक्यही पाहायचे. हे कशासाठी, ते मी मराठीतच दाखवतो. ‘पाऊस सुरू झाला होता, ____ आम्ही घरी निघालो.’ येथे ‘म्हणून’ बसेल की ‘तरी’? एकटे वाक्य काही सांगत नाही. पुढचे वाक्य ‘गच्चीवर वाळवण घातले होते’ असे असेल तर ‘म्हणून’. ‘यजमान थांबा थांबा म्हणत होते’ असे असेल तर ‘तरी’. रिकाम्या जागेचा शब्द पुष्कळदा त्या जागेपासून दूर दडलेला असतो. जुन्या पाठमालेच्या पद्धतीत एकेक वाक्य सुटे घेऊन त्याचे भाषांतर करीत. त्याने पाया पक्का होई, यात शंका नाही, पण वाक्ये शेजारी शेजारी राहत असूनही त्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे नसे. ही परीक्षा ते जाणे-येणे तपासते.

दुसरे असे की वाचायला जे हाती येईल ते घ्यावे. आम्ही औषधाच्या खोक्यातील घडीचा कागद वाचला, प्रेशर कुकरबरोबर आलेली सूचना-पुस्तिका वाचली, आगगाडीच्या तिकिटामागील नियम वाचले. परीक्षेचा पहिला भाग असल्याच मजकुराचा असतो. ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘करू नये’ आणि ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे ‘करायला हवेच असे नाही’, हा भेद वहिनींनी व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे, तर रक्तदाबाच्या गोळ्यांच्या कागदावरून पक्का केला. ३२ प्रश्नांना ४५ मिनिटे म्हणजे प्रश्नाला दीड मिनिटाहूनही कमी. म्हणून शेवटचे दोन महिने आम्ही घड्याळ समोर ठेवून बसलो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी ठेवायची नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यावर वहिनी म्हणाल्या, “न कळता काही भरायचे, हे मला पटत नाही.” परीक्षेपुरते पटवून घ्या, अशी मी त्यांची मनधरणी केली आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

मध्यंतरी एका संध्याकाळी त्यांनी कपाटातून ती नऊ पाने काढली. त्यांची प्रत त्यांनी जपून ठेवली होती, हे मला ठाऊक नव्हते. कोश जवळ घेऊन, मला शेजारी बसवून, पण काही न विचारता, त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्याला दीड तास लागला. त्या मजकुरात वावगे काहीच नव्हते. डॉक्टरांनी तोंडी जे सांगितले होते तेच तेथे होते, आणि धोक्यांची यादी होती, तीत पुढे जे घडले तेही होते. वहिनींनी पाने पुन्हा घडीवर घडी घालून पाकिटात ठेवली. “सही तर मी केलीच असती,” त्या म्हणाल्या. “पण ह्यांच्याजवळ जाऊन आधी बोलले असते.”

त्यानंतर आम्ही त्या दिवशी अभ्यास केला नाही.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. उत्तीर्ण होण्यास केंब्रिजच्या मापावर १४० गुण लागतात. ते मिळतील असे शिक्षक म्हणून मला वाटते, आणि दीर म्हणून मला त्याची फारशी चिंता नाही. वहिनींच्या अभ्यासाची वार्ता आमच्या इमारतीत मात्र पसरली आहे. दुपारी दोन-तीन शेजारणी येतात. कोणाच्या हाती बँकेचे पत्र असते, कोणाच्या हाती विम्याचा अर्ज. त्यांची अपेक्षा एवढीच की वहिनींनी सहीची जागा दाखवावी. वहिनी चष्मा पुसतात, पहिले पान उलटून बोट पहिल्या ओळीवर ठेवतात आणि बारीक बारीक शब्दांपाशी थांबत, मराठीत अर्थ सांगत पुढे जातात. मध्येच ‘अनलेस’ येतो. मग त्याच्या पोटातला नकार सगळ्यांना समजेपर्यंत तेथे मुक्काम पडतो. शेजारणींचा चहा निवतो, घरून मुलांच्या हाका येतात, पण पान संपल्याखेरीज पेन कोणाच्या हाती मिळत नाही.